पुस्तकांच्या सूची करणाऱ्यांनो, पुढच्या वर्षी आधी काय शिकू?

शेवटचंपान: पुस्तकाच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी सूची (इंडेक्स) असते ना, ती मी करते. फ्रीलान्स सूचीकार म्हणून तिसरं वर्ष संपतंय. यंदा ११ पुस्तकं झाली, बहुतेक इतिहास आणि समाजशास्त्र, एक चरित्र. काम मिळतंय, पण दोनदा प्रूफं (छपाईआधी तपासायची पानं) ठरलेल्या तारखेला आलीच नाहीत आणि मग दोन पुस्तकं एकाच आठवड्यात अंगावर आली, छपाईची तारीख मात्र कुणीच हलवत नाही, सूची सगळ्यात शेवटी होते ना, त्यामुळे आधीचा सगळा उशीर आपल्याच वाट्याला. एकदा तर सूची दिल्यावर मध्येच दोन पानं वाढली, पुढचे सगळे आकडे रात्रभर बसून हाताने बदलले. अजून वर्डमध्येच करते. थोडे पैसे बाजूला काढलेत. सॉफ्टवेअर घेऊ, कोर्स करू, की एंबेडेड इंडेक्सिंग (पुस्तकाच्या फाईलमध्येच नोंदींच्या खुणा घालणं) शिकू?

मार्जिन: सॉफ्टवेअर, दुसरा विचारच करू नका. सिंडेक्स, मॅक्रेक्स, स्काय इंडेक्स, जे हाताला बसेल ते. नोंद टाकली की आपोआप क्रमाने लागते, 'पहा' म्हणून जिथे पाठवलंय तिथे नोंदच नसेल तर कळतं, आणि ठरावीक पानापुढचे सगळे आकडे एकदम सरकवता येतात. तुमची ती रात्र वाचली असती.

तळटीप: सॉफ्टवेअर घ्याच, पण त्याआधी स्वतःची जुनी सूची वाचक म्हणून वापरून बघा ताई. मी एका मैत्रिणीबरोबर सूचीची अदलाबदल केली होती. तिने माझं पुस्तक न वाचता दहा विषय ठरवले आणि शोधायला बसली. 'शिक्षण' या नोंदीपुढे ओळीने २३ पान-आकडे होते, एकही उपनोंद (नोंदीखालचा पोटविषय) नाही, म्हणजे वाचकाने २३ ठिकाणी पानं उलटायची! पाच-सहाच्या वर आकडे गेले की उपनोंदी पाडायच्या हे मला माहीत होतं, घाईत राहून गेलं. त्याहून वाईट म्हणजे अर्धी पानं 'शेतमजूर' खाली आणि अर्धी 'भूमिहीन' खाली, दोघांमध्ये 'हेही पहा' नाही, त्यामुळे जो एक शब्द शोधेल त्याला वाटणार एवढंच आहे पुस्तकात. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, मला आजही त्या वाचकांचं वाईट वाटतं.

कोर्स म्हणाल तर जरूर करा. ब्रिटनची सोसायटी ऑफ इंडेक्सर्स १९५७ पासून आहे, अमेरिकन सोसायटी फॉर इंडेक्सिंग १९६८ पासून, दोन्हींचं प्रशिक्षण घरबसल्या होतं. आयएसओ ९९९ हे सूचीचं मानक पण एकदा नीट वाचा. एंबेडेड मात्र प्रकाशक मागेल तेव्हाच. त्यात खुणा मजकुरातच बसतात, त्यामुळे पानं हलली तरी आकडे बरोबर येतात, ईबुकला ते फार सोयीचं, पण नोंदी सुधारायला बराच वेळ जातो, तेव्हा मोबदला वेगळा ठरवा.

आणि प्रत्येक पुस्तकाचे तास लिहा, वाचन वेगळं, नोंदी वेगळ्या, शेवटचं संपादन वेगळं. मग प्रूफं उशिरा आली तर "मला इतके दिवस लागतातच" हे आकड्यानिशी सांगता येतं.

अनुस्वार: मराठी पुस्तकं करत असाल तर सॉफ्टवेअर घेण्याआधी अकारविल्हे तपासा. नुसत्या युनिकोडच्या (संगणकात अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या) क्रमाने लावलं तर ळ हा ल च्या मागोमाग येतो, आपल्याला तो ह नंतर हवा, आणि क्ष, ज्ञ जातात क आणि ज मध्ये.

शेवटचंपान: सगळ्यांचे आभार. तळटीप, काल रात्रीच चरित्राची सूची घेऊन बसले. माणसांची नावं, गावं, संस्था सगळं सापडलं. पण नायिकेच्या आजारपणावर अख्खं प्रकरण आहे आणि 'आजारपण' अशी नोंदच नाही, तिच्या नावाखाली उपनोंद पण नाही. प्रकाशकाला आजच कळवलंय, पुढच्या आवृत्तीत घालतील. माझ्याशी अदलाबदल करायला कुणी तयार आहे का? तुमचीही सूची मी तितक्याच मनापासून तपासेन.