'प्रतिबंध' नेमका कशाला? चर्च, कंडोम आणि एक अडलेले वाक्य

रफार:
एचआयव्हीविषयक धोरणांच्या इतिहासावरील एका लेखाचे भाषांतर करत आहे. 'एचआयव्ही प्रतिबंधाला चर्चने दिलेला पाठिंबा' असे एका परिच्छेदात लिहिले आणि पुढच्याच परिच्छेदात 'कंडोमवरील प्रतिबंधाला चर्चने दिलेला पाठिंबा' असे लिहावे लागले. पहिल्या ठिकाणी प्रतिबंध म्हणजे लागण होऊ न देणे, दुसऱ्या ठिकाणी बंदी. संपादकांनी 'चर्च नक्की कोणाच्या बाजूचे?' असा शेरा मारून मजकूर परत पाठवला. पहिल्या अर्थासाठी वेगळा शब्द हवा आहे. 'रोकथाम' कृपया सुचवू नये.

अनुस्वार:
शब्द निर्दोष आहे, वापर ढिसाळ आहे. दुसऱ्या ठिकाणी 'मनाई' लिहा, प्रश्न मिटला. 'रोगप्रतिबंधक लस' असे वाचून लसीवर बंदी आली, असे कोणाला वाटत नाही. 'प्रतिबंध' म्हणजे वाट अडवणे. कोणाची वाट, ते समासातील आधीचे पद सांगते.

अवग्रह:
इतके सोपे असते तर संपादक अडखळले नसते. 'निवारण' का नको? एके काळी माझ्या निबंधातील 'एड्स निवारण' शिक्षकांनी खोडले होते, कारण आधीपासून असलेले दूर करणे म्हणजे निवारण, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला तेव्हा पटले होते, आता पटत नाही. जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही असलेल्या जोडप्यांचा जो मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बाधित जोडीदाराचे औषधोपचार लवकर सुरू केल्याने दुसऱ्याला त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. उपचार हाच जर अटकाव ठरत असेल, तर निवारण आणि प्रतिबंध यांच्यातील जुनी भिंत कशासाठी जपायची?

अनुस्वार:
वैद्यकशास्त्र बदलले म्हणून धातूंचे अर्थ बदलत नाहीत.

अर्धचंद्र:
मला 'निरोध' या शब्दाचे नवल वाटते. योगसूत्रांत चित्तवृत्तींचा निरोध म्हणजे योग. आणि १९६८ पासून तेच नाव सरकारी कंडोमचे. त्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम गर्भनिरोधाला नकार देणारे पत्रक काढले. म्हणजे संयमाचा पुरस्कार करणारे आणि कंडोम वाटणारे ज्या मुद्द्यावर पुढे दोन दशके भांडले, त्या दोन्ही बाजू आपल्याकडे एकाच शब्दात नांदत आहेत. लहानपणी मी मात्र 'निरोध' आणि 'निरोगी' हे एकाच कुळातले समजत होतो.

ओळंबा:
ते कूळ वेगळे. 'निरोगी' रोगावरून आला, 'निरोध' हा 'रुध्' धातूवरून. याच धातूपासून 'विरोध' आणि 'अवरोध' हेही आले आहेत, त्यामुळे 'निरोधाला विरोध' हे वाक्य व्युत्पत्तीच्या दृष्टीने घरातलेच भांडण आहे.

रफार:
व्युत्पत्ती रंजक आहे, परंतु माझे वाक्य अजून तिथेच आहे. शिवाय आता एचआयव्ही टाळण्याचे 'एबीसी' (अ‍ॅब्स्टेन, बी फेथफुल, कंडोम) हे सूत्रही समोर आले आहे. पहिल्या अक्षरासाठी 'संयम' आणि तिसऱ्यासाठी 'कंडोम' लिहिले. मधल्या 'बी'साठी 'जोडीदाराशी निष्ठा' लिहिल्यावर संपादकांना त्यात प्रवचनाचा सूर ऐकू आला.

अवग्रह:
तो सूर मूळ सूत्रातच आहे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने परदेशांतील एचआयव्ही प्रतिबंधाच्या निधीपैकी एक तृतीयांश रक्कम विवाहापर्यंतच्या संयमाच्या प्रचारासाठी राखून ठेवली होती आणि ही सक्ती २००८ मध्ये काढावी लागली. अशा सूत्राचे भाषांतर कोरडे, तटस्थ करणे ही मूळ लेखकाशी लबाडी होईल.

अर्धचंद्र:
युगांडाचा आधीचा प्रचार मात्र प्रवचनी नव्हता. तेथील १९८० च्या दशकातील घोषणा होती 'झीरो ग्रेझिंग', म्हणजे गुरे मोकळी न सोडता दावणीला बांधून चारणे. 'निष्ठा' म्हटले की मन तपासले जाते. दावणीच्या भाषेत फक्त वागणे तपासले जाते. मराठीत 'बाहेरख्यालीपणा टाळा' हा त्याला सर्वांत जवळचा प्रयोग होईल.

अनुस्वार:
'ख्याल' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. 'रोकथाम' हिंदी म्हणून वर्ज्य आणि हा मात्र चालतो?

ओळंबा:
चारशे वर्षे घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

अवग्रह:
शब्दाच्या निवडीने धोरण कसे हलते, याचे उदाहरण रफार यांच्या लेखात कदाचित असेलच. नोव्हेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या मुलाखतींच्या पुस्तकातील उतारे व्हॅटिकनच्या दैनिकाने इटालियनमध्ये छापले. लागणीचा धोका कमी करण्याच्या हेतूने कंडोम वापरणे हे जबाबदारीच्या दिशेने पहिले पाऊल असू शकते, असे म्हणताना जर्मन मुळात वेश्याव्यवसायातील पुरुषाचे उदाहरण होते. इटालियनमध्ये ते स्त्रीलिंगी झाले. चर्चचा आक्षेप गर्भनिरोधावर असल्यामुळे हा लिंगबदल किरकोळ नव्हता. व्यक्ती पुरुष, स्त्री किंवा पारलिंगी असली तरी मुद्दा तोच, असा खुलासा अखेर व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी केला.

रफार:
तो प्रसंग लेखात आहे, आणि तेथे मी आधीच अडलो आहे. 'वेश्या' शब्दाला रुळलेले पुल्लिंगी रूप नाही. 'देहविक्रय करणारा पुरुष' असे लिहिले, तर या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचा आक्षेप येतो, कारण त्यांच्या मते विकले जातात ते श्रम, देह नव्हे.

अनुस्वार:
'कार्यकर्ते' म्हणजे कोण? हा शब्द आता राजकीय पक्षांचा झाला आहे. १९८९ मध्ये चर्चच्या एड्स आणि कंडोमविषयक भूमिकेविरुद्ध न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये घुसून निदर्शने करणाऱ्यांना आपण काय म्हणाल?

ओळंबा:
चळवळ्या.

अवग्रह:
त्यात हेटाळणी आहे. एड्स झालेल्यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे 'बळी' हे विशेषण नाकारले होते. स्वतःला काय म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच. 'आंदोलक' म्हणावे.

रफार:
तूर्त पहिल्या ठिकाणी 'संसर्गप्रतिबंध' आणि दुसऱ्या ठिकाणी 'मनाई' लिहून मजकूर पाठवला होता. संपादकांचे उत्तर आले आहे: 'संसर्ग' म्हणजे सहवास असाही अर्थ होतो, तर चर्चचा पाठिंबा सहवास रोखण्याला आहे काय?

अर्धचंद्र:
संयमवाद्यांच्या बाबतीत तो अर्थही चुकीचा म्हणता येणार नाही.