अपाची सोर्समधून बांधताना एपीआर कुठलं वापरावं? मदत हवी आहे

मंडळी, डेबियन १२ (लिनक्स) वर अपाची २.४ हा वेब सर्व्हर सोर्समधून कंपाइल करायचा आहे. बिल्ड-इसेन्शियल (कंपाइलर वगैरे साधनं), तसंच पीसीआरई२ (रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी) आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) यांची डेव्ह पॅकेजेस (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) टाकली आहेत. घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ घेऊन) जुळवलंय, ८० आणि ४४३ ही पोर्ट मोकळी आहेत. जागा किमान ५० एमबी लागते, ती भरपूर आहे.

अडलंय एपीआरपाशी (अपाची पोर्टेबल रनटाइम, अपाचीला लागणारी मूळ लायब्ररी). एपीआर आणि तिची जोड लायब्ररी एपीआर-युटिल अपाचीच्या सोर्समधल्या एसआरसीलिब फोल्डरमध्ये ठेवलेत, नावातला आवृत्ती क्रमांक काढलाय (तो राहिला तर बिल्डची तयारी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टला ते सापडतच नाहीत) आणि विथ-इन्क्लुडेड-एपीआर हा पर्याय दिलाय. कॉन्फिगर सुरळीत होतं, पण प्रत्यक्ष कंपाइल करणारं मेक ‘एक्सपॅट डॉट एच’ सापडत नाही म्हणून थांबतं. एपीआर-युटिल १.६ पासून एक्सपॅट (एक्सएमएल वाचणारी लायब्ररी) सोबत येत नाही, म्हणून लिबएक्सपॅट१-डेव्ह टाकून, मेक क्लीन करून पुन्हा कॉन्फिगर करणार आहे.

पण मुळात एसआरसीलिबचा मार्गच सोडून डेबियनची लिबएपीआर१-डेव्ह आणि लिबएपीआरयुटिल१-डेव्ह वापरावीत का? त्यात सुरक्षेचे अपडेट एपीटीतून (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरमधून) आपोआप मिळतात, आणि सर्व्हरसाठी मला तेच महत्त्वाचं वाटतं. मात्र पुढे डेबियन १३ वर गेल्यावर अपाची पुन्हा कंपाइल करावा लागेल का? असं अपग्रेड केलेल्यांनी कृपया सांगा, कॉन्फिगरला दिलेल्या पर्यायांसकट.