जॅंगो: लॅपटॉप आणि सर्व्हरची सेटिंग्ज वेगळी कशी ठेवता?

रावेरकर:
केळीच्या गाड्यांची नोंद आणि शेतकऱ्याला भावाचा एसएमएस, असं अ‍ॅप जॅंगोत (पायथन भाषेतली वेब-अ‍ॅप बनवायची चौकट) बनवतोय. डेटाबेस लॅपटॉपवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस. सेटिंग्जची फाइल एकच. सर्व्हरवर कोड चढवण्याआधी दर वेळी हाताने बदलतो. आता यावल-सावद्याचे व्यापारीही वापरणार आहेत. चाचणीतला खोटा भाव खऱ्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाता कामा नये. काय करू?

भुसावळकर:
भाऊ, तीन फाइली करा: बेस, डेव्ह (लॅपटॉपसाठी), प्रॉड (सर्व्हरसाठी). सामाईक ते बेसमध्ये, बाकी दोन्हींत फक्त फरक. कोणती उचलायची ते 'जॅंगो सेटिंग्ज मॉड्यूल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (कोडाबाहेर, त्या यंत्रावर ठेवलेल्या किमतीने) ठरतं. सर्व्हरवर ते नक्की लावा, नाहीतर मायग्रेट (डेटाबेसची रचना बदलणारी कमांड) चालवताना मॅनेज फाइलीतलं डिफॉल्ट लागू होतं. एसएमएससाठी डेव्हमध्ये नुसता स्क्रीनवर मजकूर छापणारा क्लास ठेवा. गेटवेची (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची) की लॅपटॉपवर असूच नये.

धुळ्याची ताई:
फाइली करा, पण पासवर्ड, सीक्रेट की (जॅंगो लॉगिन वगैरेवर सही करायला वापरतो ती), गेटवेची की प्रॉडच्या फाइलीतही नकोत. सर्व्हरवर वेगळ्या फाइलीत ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रणालीच्या) सर्व्हिसला ती फाइल दाखवा. गिटमध्ये (कोडाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) फक्त नावांचा नमुना जाऊ द्या.

माझा खरा आग्रह पुढे आहे. या गुप्त पासवर्ड-कींना कोडात डिफॉल्ट देऊ नका. व्हेरिएबल नसेल तर अ‍ॅप सुरूच होऊ नये. चुकीच्या डेटाबेसवर गुपचूप चालणाऱ्या अ‍ॅपपेक्षा बंद पडलेलं बरं. निदान लगेच कळतं. आणि डीबगची (चुकांचा तपशील दाखवणाऱ्या सेटिंगची) किंमत एन्व्हायर्नमेंटमधून येते तेव्हा ती मजकूर असते. 'फॉल्स' हा शब्दही पायथनला खराच वाटतो, म्हणून तुलना करून घ्या.

रावेरकर:
ताई, सीक्रेट की आधीच गिटमध्ये गेलीय. फाइलीतून काढली तर पुरे?

धुळ्याची ताई:
नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या नोंदीत) ती राहतेच. नवी की बनवा. सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, पण त्यांचे पासवर्ड शाबूत राहतात.

भुसावळकर:
लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच घ्या. एसक्यूलाइट अक्षरांची मर्यादा पाळत नाही. गावाचं लांब नाव तिथे खपतं आणि सर्व्हरवर एरर येतो. चढवण्याआधी मॅनेजची 'चेक' कमांड डिप्लॉय पर्यायासह, प्रॉडच्या सेटिंग्जवर चालवा. डीबग चालू राहिलं किंवा अलाउड होस्ट्स (कोणत्या पत्त्यांवर चालायची परवानगी आहे ती यादी) रिकामं असलं तर ती सांगते.

रावेरकर:
आजच फाइली वेगळ्या करतो. आधी की बदलतो.