सहावीचा चित्रकलेचा तास: 'स्किन कलर'चा खडू, वारली आणि माणसं न काढणारी मुलं

रंगपेटी
सहावीचा वर्ग, ४२ मुलं. 'माझं कुटुंब' विषय दिला की सगळ्यांच्या घरची माणसं एकाच फिकट गुलाबी खडूने रंगतात; मुलं त्याला 'स्किन कलर' म्हणतात. दोन मुलांच्या घरी माणसांची, प्राण्यांची चित्रं चालत नाहीत. एका मुलीला फार कमी दिसतं. पुढच्या महिन्यात वारली घ्यायची आहे, पण नुसती नक्कल नको. नेमकं काय आणि कसं करू?

शाईची दौत
आधी तो खडू बाजूला ठेवा. पाच-पाच मुलांचे गट करा आणि पिवळा, लाल, निळा, पांढरा एवढेच पोस्टर कलर द्या. काळा देऊच नका, त्याने रंग राखाडी आणि मेल्यासारखा होतो. दोन चमचे पिवळ्यात एक चमचा लाल घालून नारिंगी करा. मग ब्रशच्या टोकाने निळा, एकेक ठिपका, ढवळत. तपकिरी इथेच होतो. निळा जास्त पडून हिरवट झाला तर चिमूटभर लाल घाला. उजळ छटेसाठी पांढरा घातला की रंग खडूसारखा गुलाबी दिसतो, तेव्हा थोडा पिवळा घाला.

कागदाच्या पट्टीवर लावून पूर्ण वाळू द्या, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा नसतो. मग खिडकीच्या उजेडात हाताच्या मागच्या बाजूला धरून बघा. तळव्याशी नको, तळवा सगळ्यांचाच फिका असतो. छटांना नावं मुलांनाच देऊ द्या: गूळ, चिंच, दालचिनी, शेंगदाण्याची साल.

रंगपेटी
तयार पट्ट्या फळ्यावर फिक्या ते गडद अशा लावू का?

शाईची दौत
अजिबात नको. त्या रांगेत मुलं लगेच वरचा-खालचा नंबर शोधतात. पट्ट्या मिसळून लावा.

बांबूची काडी
वारलीबद्दल. वाटीभर तांदूळ चार तास भिजवून अगदी बारीक वाटा, फडक्यातून गाळा, कोमट पाण्यात विरघळवलेला चमचाभर डिंक घाला. ताकापेक्षा दाट, इडलीच्या पिठापेक्षा पातळ हवं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पांढरं झडतं. पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून त्याच दिवशी वापरा. कागदाला गेरू लावताना एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी घ्या. नुसता पाण्यातला गेरू पांढऱ्यात उतरून सगळं लालसर करतो. बांबूच्या काडीचं टोक दगडाने ठेचलं की ब्रश तयार.

शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मुलं कंबर जाड काढतात, तिथे माणसाची लय जाते. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचात आधी वाजवणारा काढा, मग त्याच्याभोवती पेन्सिलने हलकं वळण, त्यावर नाचणारे.

नक्कल नको म्हणता, तर विषय मुलांचे स्वतःचे द्या: एसटी स्टँड, नळावरची रांग, बाजार. लग्नात भिंतीवर काढतात तो देवचौक आणि त्यातली पालघट देवी मात्र सजावट म्हणून काढायला लावू नका, ती पूजेची गोष्ट आहे. प्रदर्शनात 'आदिवासी कला' एवढंच लिहून सोडू नका. वारली समाज, पालघर जिल्हा, डहाणू-जव्हारचा पट्टा, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली मिळालेली पद्मश्री, हे सगळं लिहा.

जाळी-झरोका
त्या दोन मुलांना वेगळं बसवू नका. भौमितिक नक्षी पूर्ण वर्गाला द्या, नमुना म्हणून बीबी का मकबऱ्यातली संगमरवरी जाळी दाखवा. कंपासमध्ये ६ सेंमी घेऊन वर्तुळ काढा. तेच अंतर ठेवून परिघावर सहा खुणा करा. सहावी खूण काढल्यावर पुढचं टोक बरोबर पहिल्या खुणेवर यायला हवं. नाही आलं तर कंपासचा स्क्रू ढिला आहे किंवा पेन्सिल बोथट. एकाआड एक बिंदू जोडले की दोन त्रिकोणांची चांदणी होते.

हीच नक्षी कमी दिसणाऱ्या मुलीसाठी जाड पुठ्ठ्यावर उठावाची करा. बाहेरच्या रेषेवर फेविकॉल लावून सुतळी, आतल्या रेषांवर लोकर, रात्रभर वाळवा. दोन रेषांत किमान अर्धा सेंटीमीटर जागा ठेवा, नाहीतर बोटाला गुंता लागतो. एका भागात रवा, एका भागात वाळू चिकटवा. जेवढं दिसतं तेवढं तिला वापरता यावं म्हणून पिवळ्या कागदावर जाड काळा मार्करही जवळ ठेवा.