शब्दचर्चा: प्रॉब्लेमला 'समस्या', मग सोल्युशनला काय?

मूळ प्रश्न

एका ग्राहकासाठी तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर मराठीत करतेय. त्यात 'प्रॉब्लेम' आणि शेजारी 'सोल्युशन' असे दोन रकाने आहेत. हिंदीत आधी झालं होतं, तिथे 'समस्या' आणि 'समाधान' होतं, आम्ही घाईत तेच उचललं. चाचणीला त्यांच्या ऑफिसातल्या एक काकू बसल्या होत्या, त्यांनी 'समस्या'खाली लिहिलं 'प्रिंटर चालत नाही' आणि 'समाधान'खाली लिहिलं 'नाही'. विचारलं तर म्हणाल्या, "अगं अजून चालू कुठे झालाय, समाधान कसं असेल?" मराठीत त्या शब्दाचा अर्थ तोच, चूक आमची. आता उपाय, उत्तर, उकल, तोडगा, निराकरण यातलं काय घेऊ?

प्रतिसाद १

ताई, एकच शब्द शोधाल तर अडकाल, कारण मराठीत प्रत्येक अडचणीला तिचा तिचा जोडीदार आहे. प्रश्नाला उत्तर, कोड्याला उकल, वादाला तोडगा, शंकेला निरसन, तक्रारीला निवारण, बिघाडाला दुरुस्ती. गुंता असेल तर तो नुसता सुटतो, त्याच्या सुटण्याला वेगळं नावसुद्धा लागत नाही.

आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते मधले प्रत्यय. आपण प्रश्ना'चं' उत्तर म्हणतो, समस्ये'वर' उपाय म्हणतो आणि अडचणी'तून' मार्ग म्हणतो. 'चं' आलं की दोघं एकमेकांचे, उत्तर मिळालं की प्रश्न संपला. 'वर' आलं की औषधासारखं, उपाय चालू आहे पण रोग गेलाच असं नाही. 'तून' म्हणजे अडचण तिथेच आहे, आपण बाहेर पडलो. प्रोग्रॅमिंगमध्ये हे तिन्ही प्रकार रोज होतात आणि आपण तिन्हीला सोल्युशन म्हणतो.

वायटूकेचं (२००० साल उजाडताना संगणकांत आलेली तारखेची अडचण) बघा. साल दोन आकड्यांत साठवलेलं, त्यामुळे ०० म्हणजे १९०० की २००० हे मशीनला कळेना. काहींनी सगळीकडे चार आकडी साल केलं, ती खरी दुरुस्ती. बऱ्याच जणांनी वेळ आणि पैसा बघून एक सीमा ठरवली, म्हणजे समजा ५० च्या खालचं साल असेल तर २००० नंतरचं धरायचं आणि वरचं असेल तर १९०० नंतरचं, डेटाला हात लावायचा नाही. ती अडचणीतून काढलेली वाट, दुखणं होतं तिथेच. ज्यांनी सीमा २० वर ठेवली त्यांच्यापुढे २०२० साली तेच परत उभं राहिलं. अशा वर्कअराउंडला (मूळ दोष तसाच ठेवून काढलेल्या वाटेला) म्हणून मी 'तात्पुरती सोय' म्हणतो. 'तोडगा' नको, तोडग्यात दोन बाजू थोडं थोडं सोडतात, इथे दुसरी बाजूच नाही.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत, पण जोडी एकास एक असते हे मला पटत नाही. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड मार्क टू या जुन्या संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग, म्हणजे पाखरासारखा किडा, सापडला, तो नोंदवहीत चिकटवून ठेवलाय (बिघाडाला 'बग', म्हणजे किडा, म्हणणं मात्र त्याहून जुनं, एडिसनच्या १८७८ च्या पत्रात आहे). तिथे पतंग काढला की काम झालं. आमच्याकडे तीन तक्रारींचं कारण एकच निघतं, किंवा एकाच तक्रारीच्या पोटात दोन कारणं असतात.

आणि शब्द चुकला की काय होतं ते मी भोगलंय. एका जुन्या नोकरीत रिपोर्टचा सर्व्हर मेमरी खात खात बंद पडायचा, कुणीतरी रोज रात्री दोनला तो आपोआप रीस्टार्ट व्हावा अशी ओळ टाकली आणि कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलासोबतच्या टिपणात) 'फिक्सेस' लिहून पुढे तक्रारीचा नंबर दिला. गिटहबवर (कोड आणि तक्रारी ठेवायची वेबसाइट) तसं लिहिलं आणि तो बदल मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, गेला की तक्रार आपोआप बंद होते, तशी ती झाली. पुढच्या दिवाळीत लोड वाढला आणि सर्व्हर भरदुपारी पडायला लागला, आम्ही उघड्या तक्रारींत शोधतोय तर तिथे काहीच नाही, दोन दिवस तसेच गेले. 'सोय केली, कारण बाकी' एवढं लिहिलं असतं तरी सापडलं असतं. ताई, कारणाला स्वतःचा रकाना द्याच.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, प्रत्ययांचा विचार मी कधी केलाच नव्हता. आता असं केलंय: 'तक्रार', 'कारण', 'काय केलं', आणि त्यापुढे 'दुरुस्ती की तात्पुरती सोय' अशी निवड. 'निराकरण' मुद्दाम टाळलं, ते सरकारी पत्रातलं वाटतं. 'समाधान' काढलं नाही, शेवटी 'समाधान झालं का?' असं विचारलंय आणि त्याचं उत्तर तक्रार करणाऱ्यानेच द्यायचं.

काल काकूंना परत बसवलं. 'कारण'मध्ये लिहिलं 'वायर सैल', 'काय केलं'मध्ये 'टेप लावली', आणि काही न विचारता 'तात्पुरती सोय' निवडलं.