पगार घेऊनच गेले ना, मग सन्मान कसला?

काल इथे एकाने लिहिलं की ग्रीनकार्डवर (कायम राहायचा परवाना, नागरिकत्व नव्हे) अमेरिकन सैन्यात जाणारे पगार आणि झटपट पासपोर्टसाठी जातात, त्यांचे कसले सोहळे करता. वाचून डोकंच फिरलं. होसे गुतिएरेस नावाचा ग्वाटेमालाचा अनाथ पोरगा, मेक्सिको ओलांडून आला, मरीन झाला, २१ मार्च २००३ ला इराकमध्ये मारला गेला. नागरिकत्व मिळालं ते मेल्यावर. तो पासपोर्ट त्याने कुठल्या विमानतळावर दाखवायचा?

खवट_काका: लिहिणारा मीच. रडवू नका. ग्रीनकार्डनंतर नागरिकत्वासाठी इतरांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, सैनिकाला शांततेत एक वर्ष सेवा पुरते, युद्धकाळात तेवढीही अट नाही. हा सौदा आहे, वाईट नाही, पण सौद्याला कोणी हार घालत नाही.

रांगेतला_गडी: ग्रीनकार्डच्या रांगेचं कोणी बोलणार का?? माझा आय-१४०, म्हणजे कंपनीने माझ्या ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज, २०१५ चा, मुलगी चार वर्षांची असताना आली, आता २१ ची होईल आणि एजआउट, म्हणजे माझ्या अर्जातून बाहेर. एका देशाला सात टक्के, त्या कोट्यात अख्खा भारत कोंबलाय. आम्ही टॅक्स भरतो त्याला कोण टाळ्या वाजवतं

मेधा_ऑस्टिन: टॅक्स आणि गोळी एकाच तराजूत? धन्य आहे.

रांगेतला_गडी: ताई तुमचं कार्ड लग्नातून आलं, तराजू धरायला हात मोकळे आहेत तुमचे.

मेधा_ऑस्टिन: वैयक्तिक कशाला होताय? आणि सैनिक नागरिक झाला म्हणून तुमचा नंबर मागे जात नाही, नागरिकत्वाला कोटाच नसतो, कोटा ग्रीनकार्डला. काका, तुमच्या सौद्याबद्दल, पंजाबातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंड यांच्याबद्दल वाचा. १९१८ ला अमेरिकन सैन्यात होते, नागरिकत्व दिलं, काढलं, परत दिलं, १९२३ ला सुप्रीम कोर्टाने 'गोरे नाहीत' म्हणून निकाल दिला, पक्कं झालं १९३६ ला, तेही महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी १९३५ चा कायदा आला म्हणून. सौदा एकाच बाजूने पाळला होता.

सुभेदाराचा_मुलगा: वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. शेजारी गोरखा पलटण, त्यातले कितीतरी नेपाळचे नागरिक, पेन्शन घेऊन गावी परत. एकाने वडिलांना खुकरी दिली होती, आमच्या देव्हाऱ्यात आहे, दसऱ्याला पुजतो. आपण त्यांना भारताचा पासपोर्ट दिला नाही, त्यांनी मागितलाही नसेल, मान मात्र कमी पडला नाही.

रांगेतला_गडी: बघा, त्यांना निदान परत जायला गाव होतं. माझ्या पोरीला मराठी वाचता येत नाही, तिने कुठे जायचं.

खवट_काका: थिंडचं मान्य, नाइलाजाने. पण मग हार-तुरे सोडा आणि भरतीच्या दिवशीच अर्ज भरून घ्या ना. मेक्सिकोहून आलेला हेक्टर बराहास अमेरिकन सैन्याच्या ८२व्या एअरबोर्नमध्ये (छत्रीधारी सैनिकांची तुकडी) होता, नागरिकत्वाचं राहून गेलं, पुढे गुन्हा झाला, शिक्षा भोगली, वर डिपोर्ट. मेक्सिकोच्या सीमेवरल्या तिहुआनात तसल्याच माजी सैनिकांसाठी घर चालवत होता, गुन्ह्याची माफी मिळाल्यावर २०१८ ला नागरिक झाला. समारंभात बँड वाजवणाऱ्यांना तो अर्ज कोणी दिला नव्हता का?

मेधा_ऑस्टिन: म्हणजे आमचंच म्हणणं, फक्त चिडून.

खवट_काका: चिडून नाही. बँड नको एवढंच.

रांगेतला_गडी: कोणी या महिन्याचं व्हिसा बुलेटिन पाहिलं का, ग्रीनकार्डची रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते?

मेधा_ऑस्टिन: अहो धागा कशाचा आहे!

रांगेतला_गडी: चालू द्या तुमचा सन्मान. तारीख हलली की येतो.