कोकणदिव्याच्या माथ्यावर वडिलांना नेता येईल का?

प्रश्न

रविवारी सिंहगडावर पायवाटेपेक्षा माणसेच जास्त दिसू लागल्यामुळे या वेळी निवांत जागेचा शोध आहे. पानशेतच्या पुढे घोळ गावाजवळ असलेला कोकणदिवा किल्ला पाहावा, असे मनात आहे. सोबत बासष्ट वर्षांचे वडील असतील. ते रोज पुण्यातील तळजाई टेकडीवर फिरतात, परंतु कातळ चढण्याची त्यांना सवय नाही. वाट कशी आहे आणि कोणत्या महिन्यात जावे?

उत्तर १

गारजाईवाडीपर्यंत गाडी नेऊन तेथून चढाई सुरू करावी. रानातून कावळ्या घाटाच्या खिंडीकडे जाणारी वाट गावातील कोणालातरी सोबत घेतल्यास चुकत नाही. एकट्याने गेल्यास गुरांच्या वाटा हमखास फसवतात. माथ्याजवळ कातळात खोदलेली गुहा व पाण्याचे टाके आहे. हा गड मुळात टेहळणीचा, त्यामुळे तटाबुरुजांची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. पश्चिमेस मात्र काळ नदीचे खोरे एकदम पायाखाली उघडते आणि पलीकडे सुमारे २,७०० फूट उंचीचा रायगड आपली पूर्वेकडील बाजू दाखवीत उभा असतो. रायगडावरून हा सुळका पाहिलेले अनेक असतात, येथून रायगड पाहिलेले थोडे. छायाचित्रे काढायची असल्यास सकाळीच माथा गाठावा, कारण दुपारनंतर सूर्य रायगडाच्या मागे सरकतो आणि गड केवळ काळी आकृती उरतो. १६८९ मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडला, त्या काळात या घाटाने लढाईही पाहिली आहे.

उत्तर २

वरील माहिती योग्य आहे, पण वडिलांच्या बाबतीत मी सावध राहीन. शेवटच्या टप्प्यात घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा उतार आहे, त्यानंतर हातांचा आधार घेऊन चढावा लागणारा कातळ आहे, आणि चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. तळजाईच्या सवयीचा तेथे उपयोग नाही. त्यांनी खिंडीत सावलीला बसावे व तुम्ही वर जाऊन यावे, हे मला अधिक बरे वाटते. पावसाळ्यात कातळ शेवाळतो आणि दरी ढगांनी भरते, तर एप्रिलमध्ये धुरकटपणामुळे रायगड पुसट होतो. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ. सांदोशीकडे कोकणात उतरण्याचा मोह झाल्यास परतीच्या वाहनाची सोय आधी करावी, अन्यथा तोच घाट पुन्हा चढावा लागेल.

उत्तर ३

वडिलांनाही दरीच्या काठावर न्यायचे असेल तर कोकणदिव्याऐवजी वेल्ह्यामार्गे मोहरीस जावे. तेथून रायलिंग पठारापर्यंत चालावे लागते, पण कातळ चढावा लागत नाही, आणि समोर लिंगाण्याचा सुळका दिसतो. पठाराच्या टोकाला कठडा नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला. खिंडीत बसून राहण्यास त्यांनी साफ नकार दिला आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये मोहरी.